किती वाजले, बाई?

टिपणीस बाईंच्या तोंडात एक शब्द कायम असायचा: पुरावा. शाळेचा शिपाई म्हणाला की आज पाऊस पडणार, तर बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघून विचारणार, पुरावा? शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या बदलीची, कुणाच्या भांडणाची कुजबुज सुरू झाली की कोपऱ्यातून हा शब्द यायचा आणि सगळ्या गप्पांतली हवाच निघून जायची. माझ्या लग्नात मी पाया पडले तेव्हा ‘सुखानं संसार कर’ असं त्या म्हणाल्या नाहीत. ‘सुखात आहेस याचा पुरावा दर दिवाळीला आणून दाखवत जा,’ म्हणाल्या. मीही काही कमी नाही. पुढची कित्येक वर्षं दर दिवाळीला करंज्यांचा डबा घेऊन पुरावा दाखवायला जात राहिले.

भिवंडीतल्या आमच्या मराठी शाळेत त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी गणित. ठेंगण्या, काटक, नायलॉनच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. पर्समध्ये कंगवा नसेल, पण विजेचा टेस्टर हमखास असायचा. फळा स्वतःच पुसायच्या, मुलांना पुसू द्यायच्या नाहीत. मुलं वरवर पुसतात आणि मग कालचं आजच्यात मिसळतं, असं त्यांचं म्हणणं. आवाज मात्र असा खणखणीत की त्या कुणाच्या कानात काही सांगायला लागल्या तरी शेजारच्या वर्गाला कळायचं. त्याला कारण होतं. नारपोलीत त्यांचं घर वरच्या मजल्यावर, आणि खालचा गाळा अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, एका शेठला कारखान्यासाठी दिलेला. बारा यंत्रमाग दिवसरात्र धडाडायचे. फळीवरच्या कपबश्या चालत चालत कडेला यायच्या आणि बाई येता-जाता त्या मागे सरकवायच्या. अशा घरात हळू बोलायला कोण शिकणार?

मी शाळेत लागले तेव्हा ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी अंजूरची आगरी पोर. आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेली पहिलीच. गणित पक्कं होतं, पण जीभ गावची. पहिल्याच तासाला उत्तर चुकलेल्या मुलाला मी म्हणाले, ‘आसा न्हाय, बाला,’ आणि सगळा वर्ग खो खो हसायला लागला. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात दारात टिपणीस बाई उभ्या. त्यांनी मुलांना विचारलं, पाणी शंभर अंशाला उकळतं, ते ‘आहे’ म्हटल्यावर उकळतं की ‘हाय’ म्हटल्यावर? पोरं खाली वह्यांकडे बघायला लागली. ‘मग गणित करा,’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. मधल्या सुट्टीत माझ्यापुढे भाजलेल्या शेंगांची पुडी सरकवली. त्या दिवसापासून मी त्यांची शेपूट झाले.

शिकवताना त्यांची एक लकब होती. कुठलाही अवघड मुद्दा आला की म्हणायच्या, ‘आमच्या वर्गात एक जण होता, त्यानं नेमकं हेच विचारलं होतं.’ घर्षण असो, ध्वनी असो, चुंबक असो, तो एक जण हजर. मुलं आपसात त्याला ‘बाईंचा एकजण’ म्हणायची. तो मॅट्रिकला पहिला आला, बाई दुसऱ्या. शाळेत नंबर कायम पहिला-दुसरा, म्हणून प्रयोगशाळेत दोघांना एकच टेबल. पुढे त्याचं शिक्षण सुटलं, बाईंचं चालू राहिलं. एवढंच त्या सांगायच्या. त्याचं नाव काय, तो आता कुठे असतो, हे ना कधी त्यांनी सांगितलं, ना कुणी विचारलं.

आणि अशा या पुरावेवाल्या बाईंना वयाच्या पंचेचाळिशीला एका टीव्ही मालिकेनं अक्षरशः वेड लावलं.

मालिकेचं नाव ‘दूर का पडाव’. दर रविवारी सकाळी अकरा ते साडेअकरा. शनीच्याही पलीकडे माणसांनी बांधलेलं एक ठाणं, आणि त्यावर राहणारी सहा माणसं. त्यातला मुख्य कमांडर विक्रांत आणि ठाण्यावरची हवा सांभाळणारी इंजिनिअर वसुधा. ठाणं थर्माकोलचं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. खिडकीतला शनी म्हणजे पिवळा रंगवलेला चेंडू नि भोवती पत्र्याची चकती. कमांडरचा अंतराळातला पोशाख बघून मला आमच्या नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खाडीवर घालायचा रेनकोट आठवायचा. पण बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा एकच आक्षेप होता: बाहेर स्फोट झाला की आवाज यायचा. निर्वात पोकळीतून आवाज जातोच कसा? यावर त्यांनी दूरदर्शनला सात पोस्टकार्डं पाठवली. एकाचं छापील उत्तर आलं, आपल्या कौतुकाबद्दल आभारी आहोत. बाईंनी ते फ्रेम करायचं बाकी ठेवलं होतं.

माझ्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. बाई म्हणाल्या, रविवारी ये, निरीक्षणाला दुसरं माणूस लागतं. मग मी दर रविवारी अंजूरहून रिक्षानं धामणकर नाका आणि तिथून चालत नारपोली असं जायला लागले. बाईंनी एक वही केली होती. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे लिहायच्या, काय बोलले. उजवीकडे, काय बोलायचं राहिलं. डावी बाजू ओळ-दोन ओळींची आणि उजवी पान उलटून पुढे जायची.

कारण त्या मालिकेतली ती दोघं एकमेकांशी प्रेमाचं अवाक्षर बोलायची नाहीत. तो विचारायचा, ‘ऑक्सिजन कितना बचा है?’ ती सांगायची, ‘बारह घंटे.’ संपलं. मला वाटायचं यात काय आहे, आमच्याकडे पाण्याच्या टाकीबद्दल असंच बोलतात. बाई म्हणाल्या, त्याचं तिच्यावर प्रेम आहे. मी संधी साधली. म्हटलं, पुरावा?

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. ‘हवेचं मीटर त्याच्या नाकासमोर आहे, सुरेखा. डोळे धड आहेत त्याचे. तरी प्रत्येक वेळी तिलाच विचारतो. का?’

मी पुढच्या भागात बघितलं. खरंच, मीटर नाकासमोरच होतं. त्यानंतर मलाही त्या मालिकेचा नाद लागला, खोटं कशाला बोलू.

आता ह्यात एक अडचण होती. मागांच्या मोटारी चालू असल्या की टीव्हीवर पांढऱ्या रेघा यायच्या आणि खरखर इतकी की ऐकू काही येत नसे. भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी, रविवारी सगळे कारखाने जोरात. पण मी जायला लागले तेव्हापासून एक बघत होते. अकराला दोन मिनिटं कमी असली की खालचा धडधडाट एकेक माग करून थांबायचा. घर एकदम इतकं गप्प व्हायचं की आतल्या खोलीत बिछान्याला खिळलेल्या अण्णांचा श्वास ऐकू यायचा. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. साडेअकराला माग पुन्हा सुरू. मी बाईंना विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, रविवारी ते मागांना तेल देतात. पहिल्या भागाला नुसत्या रेघाच दिसल्या होत्या; दुसऱ्या दिवशी खालच्या मिस्त्रींजवळ त्या सहज तसं बोलल्या. पुढच्या रविवारपासून माग बंद. त्यांनी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, आठवड्याचं तेलपाणी असतं. ‘योगायोग चांगला जुळला,’ बाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं.

हे मिस्त्री म्हणजे यशवंत भालेराव. कारखान्यातले जॉबर, माग बिघडला की लावून देणारे. उंच, किंचित वाकलेले, खाकी शर्टाच्या खिशात पाना. बाजूच्याच बौद्ध वस्तीत राहायचे. बायको लवकर गेली, एक मुलगी, ती कल्याणला दिलेली. शाळेत जाताना मी बाईंना घ्यायला त्यांच्या घरी जायची. आम्ही जिना उतरलो की मिस्त्री कारखान्याच्या दारात हात पुसत उभे असायचे आणि विचारायचे, ‘किती वाजले, बाई?’ बाई घड्याळ बघून सांगायच्या, दहा वीस. ते मान हलवून आत जायचे. सुट्टीचा शुक्रवार सोडला तर एकही दिवस चुकायचा नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ असायचं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर बाईंनी मला चुंबकत्व समजावलं. मोटारींजवळ वावरणाऱ्या माणसाचं घड्याळ बिघडतं, मागे-पुढे जातं. म्हणून विचारतात. मी मान डोलावली. त्या भौतिकशास्त्राच्या, मी गणिताची, मी कशाला वाद घालू?

एका रविवारी क्रिकेटच्या सामन्यामुळे मालिका पुढे ढकलली. अकराऐवजी साडेबाराला लागेल, अशी पाटी ऐनवेळी टीव्हीवरच्या रेघांमधून कशीबशी वाचता आली. आम्ही डोक्याला हात लावला, कारण तेलाची वेळ अकराची. अकरा वाजले. माग चालूच. साडेअकरा, बारा, चालूच. आणि साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना एकेक करून बंद.

बाईंचं लक्ष पडद्याकडे होतं. माझं डोकं मात्र ठिकाणावर राहिलं नाही. पाणी पिऊन येते म्हणून मी उठले आणि सरळ जिना उतरून खाली गेले.

कारखान्यात कारागीर मागांना टेकून विड्या ओढत बसले होते. इद्रीस नावाचा एक जुना कारागीर दाराशीच होता. मी विचारलं, आज तेल उशिरा? तो हसला. म्हणाला, ‘तेल तो बहाना है, टीचर. भालेराव मास्टर का ऑर्डर है, सीरियल चालू तो माग बंद. आज का बदला टाइम सामने होटल के टीवी पे देख के आया.’ मी म्हटलं, तुम्हाला चालतं? कारागिराला कापडाच्या मीटरवर मजुरी. माग बंद म्हणजे त्याच्या पोटावर पाय. इद्रीस म्हणाला, मास्टर शनिवारी दिवसभर एकेक माग असा लावून ठेवतो की रविवारी धागा तुटतच नाही. गेलेला अर्धा तास दुपारपर्यंत भरून निघतो. शेठलाही कापड पुरं मिळतं, मग कोण कशाला बोलेल.

मिस्त्री एकदम आत, आमच्या खोलीच्या बरोबर खाली, स्टुलावर बसलेले. हातात तेलाची बुधली, पण झाकण लावलेलं. मान वर. लाकडी तक्तपोशीच्या फटींतून वरचा टीव्ही स्वच्छ ऐकू येत होता. तेवढ्यात मालिकेत स्फोट झाला आणि मिस्त्री आपल्याशीच चुकचुकले. मला बघून उठले, थोडे ओशाळले. म्हणाले, ‘पोकळीत आवाज जात नाही, बाई. एवढं साधं कळत नाही ह्यांना.’

हा तर बाईंचाच पोस्टकार्डातला आक्षेप. मी विचारलं, तुम्ही मॅट्रिकला कुठल्या शाळेत होतात? त्यांनी आमच्याच शाळेचं नाव सांगितलं. बाईंचा एकजण कोण, हे मी तिथे, त्या बंद पडलेल्या मागांच्या मधे उभी राहून ओळखलं.

वर येऊन मी काही बोलले नाही. मी, जिच्या पोटात तीळ भिजत नाही, ती तीन महिने गप्प राहिले. कारण मला भीती वाटली. अण्णांच्या घरात गायकवाड, भालेरावांच्या माणसांना जिन्याखालूनच हाक मारायची पद्धत होती. अण्णा माणूस वाईट नव्हते, पण जन्मभर जे पाळलं ते पाळलं. मिस्त्री इतकी वर्षं खाली होते, जिन्याची एक पायरी चढले नव्हते. मी उगाच तोंड उघडलं आणि त्या माणसाचा हा अर्धा तासही गेला तर? मालिका चालू आहे तोवर चालू राहू दे, असं मी मनाला समजावलं. पण मालिका संपत आली होती. ती संपली की तेलाचं निमित्त संपणार, आणि मग ह्या दोघांच्या वहीची उजवी बाजू कोण लिहिणार?

शेवटचा भाग आला. ठाण्यावरची हवा संपत चाललेली, परतीच्या यानात एकच जागा. कमांडर वसुधाला त्यात बसवतो. आम्ही श्वास रोखून बसलो, आता तरी बोलेल. दार लागण्याआधी तो विचारतो, ‘ऑक्सिजन कितना बचा है?’ ती त्याच्याकडे बघते आणि खोटं सांगते, ‘काफी है.’ दार लागतं. संपली मालिका.

बाई रडत होत्या, चष्मा हातात. मला मात्र असा संताप आला म्हणता! ‘मेल्यांनो, बोलायला काय पैसे पडत होते?’ मी टीव्हीलाच म्हणाले. बाई नाक पुसत म्हणाल्या, बोलले की ते. तुला दिसलं नाही, मला दिसलं.

तिथे माझा बांध फुटला. मी म्हणाले, ‘शनीच्या पलीकडचं दिसतं तुम्हाला, बाई, आणि स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे. डोळे धड आहेत. तरी रोज तुम्हालाच विचारतात. का?’

मग क्रिकेटच्या रविवारचं सगळं सांगितलं. बंद बुधली, वर केलेली मान, पोकळीतला आवाज. बाई ऐकत राहिल्या. खाली माग सुरू झाले, कपबश्या सरकायला लागल्या, तरी त्या उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, चुंबकत्वाचं मी तपासून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी नेहमीसारखी घ्यायला गेले. जिना उतरताना बाईंनी कठडा धरला होता, एरवी धरायच्या नाहीत. गल्लीत वर्दळ होती, हातगाडीवर सुताच्या पेट्या चढवत होते. मिस्त्री दारात हात पुसत उभे. विचारलं, ‘किती वाजले, बाई?’

बाईंनी आपलं घड्याळ बघितलं नाही. पुढे झाल्या आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, त्यांचं मनगट हातात धरून वळवलं. चष्मा सरळ करून वाचलं.

‘दहा वाजून वीस मिनिटं,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं घड्याळ बरोबर चालतंय, यशवंत.’

मिस्त्रींनी हात मागे घेतला नाही. म्हणाले, ‘रोज सकाळी चावी देतो.’

एवढंच. सुताच्या पेट्या चढवणारे थांबले होते, ते पुन्हा कामाला लागले. मी मात्र शाळेपर्यंत रडत गेले आणि बाई मला रस्ताभर विचारत होत्या, तुला रडायला काय झालं?

पुढच्या रविवारी मिस्त्री जिना चढून वर आले. धुतलेला शर्ट, खिशात पाना नाही. आतून अण्णांनी विचारलं, कोण आलंय? बाईंनी त्यांच्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, ‘माझ्या वर्गातला यशवंत भालेराव. पहिला आला होता.’ अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी घरातल्या रोजच्याच कपात चहा दिला आणि अण्णांना दिसेल अशा जागी खुर्ची मांडली. तीन रविवार अण्णा भिंतीकडे बघत पडले. चौथ्या रविवारी म्हणाले, टीव्हीचा आवाज जरा मोठा करा, मला ऐकू येत नाही.

मालिकेच्या जागी तेव्हा शेतीचा कुठलासा कार्यक्रम लागायचा. खाली इद्रीस माग बंद करायचा, आता खरोखर तेल द्यायचा, आणि वर ही दोघं अर्धा तास हरभऱ्यावरची कीड बघत बसायची. मी एकदा जाऊन बसले आणि दहा मिनिटांत उठले.

लग्न केलं का? नाही केलं. मला ह्याचा फार राग यायचा. एकदा मी विचारलंच, अजून ते काही विचारत नाहीत का? बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, रोज विचारतो की. मी म्हटलं, काय विचारतात? किती वाजले. मी कपाळावर हात मारला. त्या हसल्या, आणि त्या हसण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही.

पण माझ्या बाबतीत त्या अशा गप्प बसल्या नाहीत. आमच्या शाळेतले चित्रकलेचे कदम सर आणि मी, आमचं जमलं होतं. तेही मी बाईंमुळेच बोलून दाखवलं. त्या वहीची उजवी बाजू वाचून मला धडकी भरली होती. नानांना कळल्यावर घरात आकांत झाला. मुलगा आपल्यातला नाही, घाटावरचा, चित्रं काढतो, पोरीला उद्या सोडून देईल. बाई रिक्षा करून अंजूरला आल्या. आमच्या पडवीत जमिनीवर बसल्या आणि नानांना विचारलं, सोडून देईल याला पुरावा काय? नाना आयुष्यभर खाडीवर आणि शेतात राबलेला माणूस. खरं ते बोलले.

‘पुरावा न्हाय, बाई. पन भीती हाय.’

बाई म्हणाल्या, ‘मलाही होती, नाना. मी तिचंच ऐकत बसले आणि वय निघून गेलं. तुमच्या पोरीचं तसं करू नका.’

नाना उठून बाहेर गेले. आले ते शहाळं घेऊन, बाईंसाठी. आमचं लग्न झालं. आज माझ्या घरात जे काही धड आहे, ते त्या एका वाक्यावर उभं आहे. बाईंनी आपल्या आयुष्याचं जे राहून गेलं ते एका परक्या पडवीत उघडं करून ठेवलं, माझ्यासाठी. त्याचे पांग मी करंज्यांनी काय फेडणार?

पुढे अण्णा गेले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मिस्त्रीही गेले. जन्मभर कापसाची धूळ खाल्लेली छाती, शेवटी तिनं औषधाला दाद दिली नाही. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांची कल्याणची मुलगी जिना चढून बाईंकडे आली आणि रुमालातून वडिलांचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. दादांनी सांगून ठेवलंय, म्हणाली, वरच्या बाईंना द्यायचं, आणि रोज सकाळी चावी द्यायला सांगायचं.

बाईंना मी शेवटची बघितली ती त्यानंतरच्या दिवाळीत. रविवार होता. आमची बदली नाशिकला झालेली, म्हणून करंज्यांचा डबा घेऊन मुद्दाम आले होते. धामणकर नाक्यावर रिक्षांची ही गर्दी, सगळ्या दुकानांत केबलचे टीव्ही. बाईंच्या गल्लीत शिरताना खालचा कारखाना तसाच धडाडत होता. दारात एक तरुण जॉबर, मी न पाहिलेला, आझमगडकडचा. मी जिना चढायला लागले आणि मागे एकेक करून माग थांबले. मी वळून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘संडे ग्यारह बजे तेल देते हैं, मॅडम. पहले से ऐसाच है.’

वर बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. केस पांढरे. टीव्हीवर कापड टाकलेलं. समोरची दुसरी खुर्ची तिच्या जागेवरच होती. मी ती सोडून पलंगावर टेकले. त्यांनी डबा उघडून एक करंजी मोडून तोंडात टाकली आणि पुरावा मान्य आहे, म्हणाल्या. घर इतकं गप्प होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्यांच्या त्या काटकुळ्या मनगटावर जुनं पुरुषी घड्याळ होतं, पट्ट्याला जास्तीचं भोक पाडलेलं.

थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, ‘सुरेखा, किती वाजले गं?’

तुमच्या मनगटावर घड्याळ आहे की, असं अगदी जिभेवर आलं होतं, पण मी ते बोलले नाही. स्वतःचं घड्याळ बघितलं.

‘अकरा वाजून पाच, बाई.’

त्यांनी मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. ‘बरोबर,’ म्हणाल्या.